घरीच केलंय

कौटुंबिक समारंभासाठी घरी केलेल्या वस्तू दोन वर्गांत मोडतात : खायच्या आणि बघायच्या. महाराष्ट्रात या दोन वर्गांमधली भिंत फारशी पक्की नाही. रुखवतातली हातभर लांबीची करंजी खायच्या वर्गात जन्माला येते आणि उरलेले आयुष्य बघायच्या वर्गात काढते. उलट पहिल्या वाढदिवसाच्या केकवरचे साखरेचे ससे केवळ बघण्यासाठी केलेले असतात; पण फोटोवाल्याची लेन्स पुसून होईपर्यंत त्यांतले निम्मे कोणाच्या तरी पोटात गेलेले असतात. दोन्ही वर्गांची लक्षणे मात्र सारखीच. घरची वस्तू बाजारच्या वस्तूपेक्षा महाग पडते, ऐन वेळेपर्यंत ओली असते आणि कुठल्या तरी एका बाजूला कललेली असते. बाजारात कलण्याला दोष म्हणतात, घरात तो पुरावा ठरतो. वस्तू अगदी सरळ उभी राहिली तर पाहुण्यांना संशय येतो आणि ते ‘छान आहे हो, कुठून आणलीत?’ असे विचारतात. करणारणीच्या जिव्हारी लागणारा याहून मोठा प्रश्न नाही.

नाशिकमध्ये या उद्योगाचा हंगाम बारमाही आहे. संक्रांतीला नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने आणि तान्ह्या बाळाचे बोरन्हाण, लग्नसराईत रुखवत, डोहाळजेवणाची होडी नाहीतर झोपाळा, बारशाचा पाळणा, साठीशांतीचे दिवे, अधिक महिन्यात जावयाचे अनारसे, आणि या सगळ्यांच्या अधेमधे इंग्रजी तारखेने येणारे वाढदिवस. प्रत्येक प्रसंगी घरातले कोणीतरी ‘विकत कशाला आणायचं? मी करते की!’ असे म्हणते. हे वाक्य बरेच आठवडे आधी, रात्रीच्या जेवणानंतर, पोट भरलेले असताना म्हटले जाते. त्यानंतर समारंभाच्या आदल्या रात्रीपर्यंत काहीही घडत नाही. आदल्या रात्री अकराच्या सुमारास ‘घरात एक कात्री जागेवर सापडेल तर शपथ!’ असा आवाज आला, की काम सुरू झाले असे समजावे.

वर्षाचा पहिला मान हलव्याचा. खसखस, तीळ नाहीतर साबुदाणा मंद आचेवर ठेवून त्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि हाताने हलकेच फिरवत राहायचे, एवढीच कृती. पाक घट्ट झाला की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की साखर पिवळी पडते, हात जोरात चालला की आलेले काटे झडतात. काट्याला हवा थंड आणि कोरडी लागते. निफाडचा पारा घसरला की तिकडे द्राक्षबागायतदार बाग वाचवायला शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे शहरात हलवा करणाऱ्या बाई सगळ्या खिडक्या उघडून शेगडीसमोर बसतात आणि काटा येईपर्यंत अख्खे घर शिंकत असते. पुढे तो हलवा सोनेरी कागद लावलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवून बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट करतात. जावयाला हार, नारळ आणि मनगटी घड्याळ, अलीकडे मोबाइलही. हा साज घालून नवी सून काळी साडी नेसून पाटावर बसते आणि पहिल्या दहा मिनिटांतच मुंग्यांना पत्ता लागतो. काळ्या साडीवर काळी मुंगी दिसत नाही, हा या सणाच्या पोशाखाचा एक दुर्लक्षित फायदा आहे. मुंगी फोटोत येत नाही. ती फक्त सुनेला कळते.

अनारशाची तऱ्हा आणखी निराळी. त्याची पूर्वतयारी एखाद्या धार्मिक अनुष्ठानाच्या तोडीची असते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग निथळून सावलीत वाळवायचे. ते पुरते वाळू द्यायचे नाहीत आणि फार ओलेही ठेवायचे नाहीत. मग दळून, चाळून, गूळ मिसळून, गोळे करून डब्यात मुरवत ठेवायचे. 2023 मध्ये अधिक महिना श्रावणात आला. श्रावणातल्या नाशिकमध्ये ओले तांदूळ वाळवायचे म्हणजे घरातला एकमेव मोठा पलंग, त्यावर धोतर, त्यावर तांदूळ, वर पंखा आणि घरची माणसे खाली सतरंजीवर. त्यात भिजलेल्या तांदळाला म्हणून एक वास येतो.

‘उंदीर मेलाय का कुठे?’ घरचे कर्ते पुरुष विचारतात.

‘जावयाचे अनारसे आहेत.’

यानंतर वासाबद्दल कोणी बोलत नाही.

तळण्याच्या दिवशी स्वयंपाकघरात जमावबंदी असते. खसखशीवर थापलेला अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, वरून झाऱ्याने तूप उडवायचे, पण उलटायचा नाही. गूळ जास्त झाला किंवा पिठात ओल राहिली, की तो तुपात पसरत पसरत पार विरून जातो. त्याला अनारसा हसला म्हणतात. हसण्याचे खरे कारण गुळाच्या प्रमाणात असते, पण ठपका नेहमी माणसावर येतो. नेमके त्याच वेळी विरजण मागायला आलेल्या शेजारीणबाईंनी ‘अय्या, अनारसे वाटतं!’ असे म्हटलेले असते आणि तेवढे पुरते. जावयाला वाण तेहतिसाचे द्यायचे. चांगले उतरतात एकोणतीस. उरलेल्या चारांसाठी हसलेल्यांतले दोन-दोन जोडून एक मोजण्याची सवलत शास्त्रात नसली, तरी घरोघरी आहे. हे सगळे चांदीच्या नाहीतर पितळेच्या ताटात, वर दिवा लावून, जावयासमोर ठेवले जाते. जावई एक तुकडा मोडतो आणि म्हणतो, ‘फार सुंदर, पण डॉक्टरांनी गोड बंद केलंय.’

भाजण्याचा इतिहास तळण्याइतका जुना नाही. घरात ओव्हन येण्याआधी हे खाते बेकरीकडे होते. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून भट्टीवर न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीत महाराष्ट्रात गावोगाव होती. भट्टीसमोर डब्यांची रांग, डब्यांवर रंगाने घातलेली नावे, आणि आपल्या साजूक तुपावर डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्या बायका. मात्र परत मिळालेली नानकटाई आपलीच आहे, अशी खात्री कोणालाही कधी पटली नाही.

‘आमची एवढी पांढरी नव्हती.’

‘ताई, भट्टीत गेल्यावर सगळ्यांची सारखीच होते.’

‘तुपाचा वास कळतो हो आम्हाला!’

पुढे झाकणात काच असलेला अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. केक करताना घरातली सगळी माणसे पाळीपाळीने त्या काचेतून आत बघत. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी कुकरमध्ये वाळू नाहीतर मीठ पसरले, शिट्टी आणि रिंग काढून ठेवली आणि आत केकचे भांडे ठेवले. या पद्धतीने केक बरा होतो. पण काढलेली रिंग कुठे ठेवली हे नंतर कोणाला आठवत नाही आणि दुसऱ्या दिवशी डाळ शिजत नाही. मार्च 2020 नंतरच्या टाळेबंदीत घरोघरी केक भाजायची लाट आली, तेव्हा रिंगा शोधण्याचाही तो सुवर्णकाळ होता.

केक बिघडण्याची कारणे शास्त्रीय आहेत. पहिले कारण वाटी. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये आले आणि मराठी स्वयंपाकघराला वाटी-चमच्याच्या मापाची सवय लागली. घरात मात्र वाट्या चार मापांच्या असतात. मैदा आमटीच्या वाटीने घेतला जातो, साखर चटणीच्या वाटीने, आणि दुधाची वेळ येईपर्यंत दोन्ही घासायला पडलेल्या असल्यामुळे दूध अंदाजाने. दुसरे कारण पाहुणा. दही आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे लगेच सुटू लागतात. मिश्रण त्याच क्षणी ओव्हनमध्ये जायला हवे. नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते. आलेल्या माणसाला पाणी, मग चहा, मग ‘बसा हो, काय घाई आहे’ होईपर्यंत बुडबुडे आपापल्या घरी गेलेले असतात. तिसरे कारण प्रेम. केक आत फुगत असतो, पण मधला भाग अजून कच्चा असतो. पिठातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिने घट्ट होण्याआधी दार उघडले, की आतली गरम हवा आकसते आणि केक मधोमध खाली बसतो. हे सगळ्यांना सांगितलेले असते. तरीही ‘जरा बघू, झाला का?’ म्हणत प्रत्येक जण दार उघडून सुरी खुपसून जातो. वाढदिवस ज्याचा, तोही खुपसतो. आइसिंगचा शोध का लागला याविषयी जगात काहीही मते असोत. घरगुती केकचा मधला खड्डा ज्याने पाहिला आहे, त्याला त्याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही.

बिनअंड्याचा केक हा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आजींची तपासणी असते.

‘अंडं नाही ना घातलं?’

‘नाही हो आजी.’

‘मग फुगला कसा?’

फुगला नसता तर आजींनी बिनशर्त खाल्ला असता.

शेवटची अडचण अक्षरांची. क्रीमच्या पिशवीतून सरळ रेघ काढणेही अवघड. तिथे ‘हार्दिक’मधला रफार पुढच्या ‘क’वर जाऊन बसतो आणि ‘शुभेच्छा’तला ‘च्छ’ केकच्या कडेवरून खाली ओघळतो. बहुतेक केक ‘वाढदिवसाच्या हार्दिक शु’ इथपर्यंत येऊन संपतात. एरवी दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून तावातावाने बोलणारी घरेही या टप्प्यावर मुकाट्याने इंग्रजीत शुभेच्छा देतात.

या सगळ्या शाखा येऊन मिळतात त्या रुखवतात. पूर्वी रुखवत म्हणजे वधूकडच्यांनी वरपक्षासाठी न्यायचा फराळ. तो खाऊन संपत असे, त्यामुळे कोणी किती केले याचा पुरावा मागे राहत नसे. ही त्रुटी पुढच्या पिढ्यांनी टिकाऊ वस्तू घालून भरून काढली : क्रोशाचे रुमाल, मण्यांची फळे, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, लोकरीचे तुळशी वृंदावन, खोबऱ्याच्या वाट्यांचे नवरा-नवरी, आणि या सगळ्यांच्या पुढे सात पावलांची सप्तपदी. साहित्य आणायला मेन रोडवर आणि कानडे मारुती लेनमध्ये जातात. तिथे तयार तोरण दोनशे रुपयांना टांगलेले असते. ते हातात घेऊन, उलटून-पालटून, ‘यात काय आहे, हे तर घरी होईल’ असे म्हणून खाली ठेवतात आणि शेजारच्या दुकानातून सातशे रुपयांचे मणी, टिकल्या, लेस आणि सॅटिनच्या फिती घेतात. तोरण होते, पण ते दाराच्या मापाचे होत नाही. मग त्याला टेबलाची झालर म्हणतात.

सुपारीचे भटजी हा रुखवतातला सर्वांत कठीण प्रकार मानावा लागेल. मोठी सुपारी पोटाला, लहान डोक्याला. काळ्या दोऱ्याची शेंडी, पिवळ्या फितीचे सोवळे, पांढऱ्या दोऱ्याचे जानवे, कपाळाला सुईच्या टोकाने गंध. इथपर्यंत मावशींचा हात कोणी धरणार नाही. पण सुपारी गोल, आणि गोलावर गोल बसत नाही. डिंकाने बसवलेले डोके रात्रभरात हळूहळू घसरते आणि सकाळी भटजींचे मस्तक यजमानांच्या मांडीवर असते. फेव्हिकॉलने ते जागेवर राहते, पण तोंड पाठीकडे होते. टाचणी मारावी तर सुपारीपुढे टाचणी वाकते. मग घरातला अभियांत्रिकीला असलेला भाचा ग्लू गन आणतो. मस्तक पक्के बसते. मात्र भाच्याचे बोट सोवळ्याला चिकटते आणि होमकुंडासमोरच्या चार भटजींपैकी तिघांनाच शेंडी उरते. वरपक्षातले कोणी विचारलेच, तर चौथे ‘नव्या विचारांचे आहेत’ असे सांगण्याचे ठरते.

हे सर्व मावशी, आत्या, काकू आणि सिन्नरहून खास बोलावलेल्या एका वन्संनी केलेले असते. टेबलावरच्या पाटीवर मात्र ‘वधूने स्वहस्ते केलेले’ असे लिहितात. ही लबाडी नसून प्रथा आहे.

‘सूनबाईंना एवढं सगळं येतं?’ वरमाय कौतुकाने विचारते.

‘येतं म्हणजे काय! रात्र रात्र जागून करते.’

सूनबाई त्या रात्री हिंजवडीत ऑफिसच्या कामासाठी जागत असतात. जागल्या हे खरे असते. वरमायही खोलात जात नाही, कारण तिच्या लग्नातल्या रुमालांवरचे मोर तिच्या आत्यानेच विणलेले होते.

वस्तू तयार होणे आणि ती कार्यालयात पोहोचणे यांमध्ये नाशिक शहर पसरलेले आहे. सिडकोतून निघालेली सप्तपदी छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या लॉन्सला जायची म्हणजे द्वारका चौक ओलांडायचा. तिथे गाडी अडकते. एप्रिलचे ऊन, बंद काचा, मागच्या सीटवर मांडीवर काड्यांचे घर घेऊन बसलेले काका, पायाशी केक. बंद गाडीतल्या उन्हाने ग्लू गनचा गोंद पुन्हा मऊ पडू लागतो आणि काड्यांच्या घराचे छप्पर काकांच्या विजारीवर स्थलांतर करते. प्रत्येक गतिरोधकाला मागून एकच आरोळी येते, ‘हळूऽऽ!’ चालकाला हे आधी सांगितलेले नसते, गतिरोधक गेल्यावर सांगितले जाते. लॉन्सवर सप्तपदी मांडताना सहाच पावले निघतात. सातवे चालकाच्या सीटखाली, मुगाच्या डाळीचा अर्धा भाग गमावून बसलेले असते. गुरुजींना विचारले जाते, ‘सहा चालतील का?’ गुरुजी रुखवतातल्या शेंडी नसलेल्या भटजींकडे बघत असल्यामुळे उत्तर देत नाहीत.

मांडणी झाली की परीक्षण. गोदावरीला पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, एवढे कळले की पुरते. रुखवताचेही तसेच असते; कलाकुसर कोणी बघत नाही, टेबले मोजतात. तीन टेबले म्हणजे बरे, पाच म्हणजे हौशी, सातच्या वर गेले की मुलीच्या वडिलांच्या व्यवसायाची चौकशी सुरू होते. बघणाऱ्यांतल्या काही बायका वस्तू न बघता पाट्या वाचतात, काही वस्तू उलटी करून किमतीचे लेबल शोधतात, आणि एक तरी आजोबा चिवड्याच्या बरणीचे झाकण उघडायला जातात. एप्रिल 2021 मध्ये सरकारने लग्नाला 25 माणसे आणि 2 तास एवढीच मर्यादा घातली. त्यात आजार होता, भीती होती; आणि ज्या मावशींनी आधीच रुखवत करून ठेवले होते, त्यांच्या वाट्याला प्रत्येक टेबलामागे जेमतेम चार प्रेक्षक आले. त्या मावश्या अजूनही फोनमधले फोटो काढून दाखवतात. समोरच्याने मोठे करून बघितले नाही तर स्वतः मोठे करून दाखवतात.

अलीकडे रुखवत भाड्याने मिळते. सकाळी येते, दुपारी परत जाते, सगळ्या भटजींना शेंड्या असतात. अडचण एकच, ते पुन्हा भेटते.

‘हे लोकरीचं वृंदावन मागच्या महिन्यात माझ्या नणंदेकडे पाहिलं होतं.’

‘तोच नमुना असेल.’

‘त्यालाही डाव्या बाजूला हाच डाग होता.’

लग्न झाल्यावर घरच्या रुखवताचे काय होते, याचे उत्तर माळ्यावर मिळते. नवरा-नवरी पुण्याच्या दोन खोल्यांत काड्यांचे घर नेत नाहीत. ते सासरी राहते. सासरचे लोक वर्षभर हॉलमध्ये ठेवतात, दुसऱ्या दिवाळीच्या साफसफाईत ते माळ्यावर चढते, आणि पुढे घरातल्या दुसऱ्या मुलीच्या लग्नात, वर नवी टिकली लावून, ‘वधूने स्वहस्ते केलेले’ या पाटीखाली पुन्हा उभे राहते. क्रोशाचे रुमाल टीव्हीवर जात. टीव्ही भिंतीला चिकटले तेव्हापासून ते पाण्याच्या फिल्टरवर असतात. भटजी लहान मुलांच्या हाती लागतात आणि पहिल्याच दिवशी पूर्ववत सुपाऱ्या होतात.

राहतो तो मोठा लाडू. बुंदीचा, दोन हातांत न मावणारा. त्याला कोण फोडणार, यावर काही दिवस जातात. सासूबाई म्हणतात, जोडी सत्यनारायणाला येईल तेव्हा फोडू. जोडी येते, पूजा होते, सुरी आत जात नाही. मग वरवंटा आणतात. बाहेरचा थर दगडासारखा, पण आतली बुंदी बरी निघते आणि भरपूर निघते, म्हणून ती स्टीलच्या डब्यांत भरून सोसायटीत वाटतात. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यामुळे प्रत्येक डबा आठवड्याभरात घरी केलेल्या चिवड्यासह परत येतो. झाकण मात्र दुसऱ्याच डब्याचे असते.